एमबीएची प्रवेश परीक्षा: पेरणी, वर्षावास आणि सोंगणी यांत बसणारे वेळापत्रक

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलामुलींना पुढचे विचारले, की उत्तरे ठरलेली असतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, बँक. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, कुठल्याही गावच्या अभ्यासिकेत जा, टेबलावर तीच पुस्तके दिसतात. त्यात चूक काही नाही. सरकारी नोकरीने आपल्या कितीतरी घरांची परिस्थिती पालटली आहे. पण एमबीएच्या प्रवेश परीक्षेचे नाव काढले की 'ते आपले काम नाही', 'तिथे इंग्रजी लागते', 'एवढे पैसे कुठून आणायचे' अशी तीन वाक्ये येतात आणि विषय तिथेच संपतो. या तिन्ही वाक्यांत थोडेथोडे खरे आहे. ते किती खरे आहे आणि त्यावर काय करता येते, हे या लेखात सांगत आहोत. शेतीवर किंवा मजुरीवर घर चालणारा, मराठी माध्यमातून शिकलेला, बुलडाणा जिल्ह्यातला बौद्ध तरुण आणि तरुणी आमच्या डोळ्यांसमोर आहेत.

'ते आपले काम नाही' याचे उत्तर इतिहासातच आहे. कोलंबियाहून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजारातील गुंतवणुकीचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला देणाऱ्याची जात कळली तशी गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्याच सिडनहॅमच्या परंपरेत १९८३ मध्ये सुरू झालेली 'सिमस्री' ही सरकारी व्यवस्थापन संस्था आज चर्चगेटला आहे. तिथे प्रवेशाचा रस्ता राज्याच्या सीईटीतून जातो आणि त्या सीईटीला लोणार तालुक्यातला मुलगाही बसू शकतो.

परीक्षा कोणती निवडायची

आपल्या कामाच्या परीक्षा मुख्यतः दोन. पहिली राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची एमबीए-एमएमएस सीईटी. दुसरी आयआयएम घेतात ती कॅट. दोन्ही इंग्रजीतून आणि संगणकावर होतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला दोन्हीकडे पदवीला ४५ टक्के गुण पुरतात आणि शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज भरता येतो. इथपर्यंत सारखेपणा. पुढे मात्र दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे आणि तयारीचे नियोजन त्या स्वभावावरच ठरते.

सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तार्किक क्षमतेचे ७५, आकृत्यांवरचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. आता हे आकडे नीट पाहा. पहिल्या दोन भागांचे मिळून १०० प्रश्न होतात, म्हणजे निम्मा पेपर. त्यात बैठक व्यवस्था, नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, विधान-निष्कर्ष, आकृत्यांची मालिका असेच प्रश्न असतात. बँकेच्या किंवा सरळसेवा भरतीच्या तयारीत ज्याने दोन वर्षे घातली आहेत, त्याने हा निम्मा पेपर नकळत आधीच केलेला असतो. फक्त प्रश्न इंग्रजीत असतात आणि घड्याळ जास्त कडक असते. भरतीची वाट पाहून थकलेल्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ती इथे ठळकपणे सांगतो.

कॅट वेगळी. तिथे २०२४ आणि २०२५ मध्ये ६८ प्रश्न होते: इंग्रजीचे २४, माहितीचे विश्लेषण आणि तर्काचे २२, गणिताचे २२. प्रत्येक भागाला ४० मिनिटे, आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. प्रश्न थोडे, पण प्रत्येक प्रश्न विचार करायला लावणारा. मुख्य फरक असा की आयआयएम एकूण गुणांबरोबर प्रत्येक भागाचा किमान कट-ऑफही पाहतात. सीईटीत इंग्रजीत कमी पडलेले गुण तर्कात भरून काढता येतात, कॅटमध्ये तसे होत नाही.

निकाल दोन्हीकडे पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्या दर शंभरांपैकी साधारण नव्वद जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले होते. ९९ पर्सेंटाइलच्या वर त्यातले तीन हजारांच्या आत-बाहेर राहतात. अनुसूचित जातीचा कट-ऑफ प्रत्येक आयआयएम आपल्या प्रवेश धोरणात वेगळा जाहीर करते आणि तो खुल्या प्रवर्गापेक्षा खाली असतो. मात्र 'किमान' म्हणून छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष मुलाखतीला बोलावतात तो आकडा यांत अंतर असते. छापील किमान गाठला की काम झाले असे समजू नका.

आमचे मत विचाराल तर पहिल्या वर्षी लक्ष्य सीईटीचे ठेवा आणि कॅट तिच्या वाटेवरची परीक्षा म्हणून द्या. ज्याचे इंग्रजी वाचन आधीच पक्के आहे, त्याने हे उलटे करावे. सीईटीतून जमनालाल बजाज, सिमस्री, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा नावाजलेल्या जागा मिळू शकतात. घराजवळ राहायचे असेल तर अमरावती विद्यापीठाचा विभाग आहे, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही एमबीए आहे. कॅटमधून जाता येईल अशी एक आयआयएम म्हणजे नागपूरची. ती २०१५ ला सुरू झाली आणि आता मिहानमध्ये स्वतःच्या आवारात आहे.

परदेशात एमबीए करायचे असेल तर बहुतेक विद्यापीठे जीमॅट मागतात. तिचे आताचे स्वरूप ६४ प्रश्न आणि सव्वादोन तासांचे आहे. गुण २०५ ते ८०५ या पट्ट्यात मिळतात आणि ते ५ वर्षे चालतात. परीक्षेचे शुल्क भारी आहे, तेव्हा ती पहिल्या वर्षी नको. पण समाज कल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे, हे लक्षात असू द्या.

पुस्तकाआधी कागद

आपली मुले अभ्यासात मागे पडून प्रवेश गमावतात त्यापेक्षा कागद अपुरे पडून जास्त गमावतात, असे आम्हाला वाटते. म्हणून वेळापत्रकाचा पहिला आठवडा पुस्तकाचा नाही, पेटीतले जुने कागद काढण्याचा आहे.

केंद्राच्या संस्थांसाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागते. इथे बौद्ध विद्यार्थ्याची एक खास अडचण आहे आणि तिला इतिहास आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला आणि बौद्धांचा व्हायला १९९० उजाडले. म्हणजे दीक्षा घेतल्यापासून ३४ वर्षे केंद्राच्या सवलती आपल्याला नव्हत्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचा हक्क मान्य झाला, पण तो ज्या जातीतून धर्मांतर झाले ती जात यादीत आहे या आधारावर. 'बौद्ध' ही त्या यादीतली जात नाही. त्यामुळे प्रमाणपत्रावर मूळ जातीचा आणि बौद्ध धर्माचा असे दोन्ही उल्लेख असावे लागतात. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे. सेतू केंद्रात अर्ज देताना तोच मागा आणि हातात पडल्यावर तिथेच उभे राहून वाचा.

जातीच्या रकान्यात मूळ जात लिहावी की नाही यावर आपल्या चळवळीत मतभेद आहेत. ज्यांना तो शब्द पुन्हा लिहावासा वाटत नाही, त्यांची भावना आम्हाला समजते. तो वाद सभेत आणि लेखांत जरूर व्हावा. पण विद्यार्थ्याने अर्ज भरताना कायदा काय मागतो ते पाहावे, कारण एका रकान्यासाठी दोन वर्षांची मेहनत वाया जाते.

राज्याच्या सीईटीतून प्रवेश घेताना जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जन्म-मृत्यूची नोंद यांतले काही मिळाले तर काम सोपे होते. आजोबांच्या नोंदीत एक शब्द, वडिलांच्या दाखल्यावर 'नवबौद्ध', तुमच्या दाखल्यावर 'बौद्ध', आणि आडनावाचे स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे, हे आपल्या घरांत नेहमीचेच आहे. त्या तिन्ही कागदांना जोडणारी वंशावळ आणि शपथपत्र आधीच तयार ठेवा. काका, आत्या किंवा चुलतभावाची वैधता झाली असेल तर तिची प्रत मागून घ्या. पडताळणीला महिने लागतात. सीईटीचा निकाल लागल्यावर धावपळ करणाऱ्याला पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला तरी पुढे मुदतीची टांगती तलवार राहते. बारावीला काढलेली वैधता असेल तर ती चालते, पुन्हा काढायची गरज नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. कोणी मागितले तर नियम दाखवायला सांगा. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मात्र लागतो, आणि तो चालू वर्षाचा लागतो.

वर्ष कसे मांडायचे

मोठ्या शहरातल्या क्लासचे छापील वेळापत्रक आपल्याकडे चालत नाही. त्यात रोज सहा तास धरलेले असतात आणि घरी कापूस आहे हे धरलेले नसते. आपले वर्ष पावसावर चालते. जूनमध्ये पेरणी, मग निंदण-डवरणी, ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. अमरावती विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही सोंगणी-वेचणीच्या पुढे-मागेच येते. आणि कॅट असते नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी. २०२४ मध्ये ती २४ तारखेला होती, २०२५ मध्ये ३० तारखेला. म्हणजे परीक्षेआधीचे सहा आठवडे, जे क्लासवाले 'शेवटचा जोर' म्हणून मोजतात, तेच आपले सगळ्यांत अडचणीचे आठवडे.

मग मोकळा काळ कोणता? पेरणी आणि सोंगणीच्या मधला. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, साधारण जुलै ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हाच आपला वर्षावास.

वर्षावासात गावोगावच्या विहारांत संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन असते. विहार उघडा असतो, दिवे लागलेले असतात, सतरंजी अंथरलेली असते आणि माणसे आलेली असतात. वाचन संपल्यावर कुलूप लावण्याऐवजी तेच विहार आणखी दीड तास अभ्यासासाठी उघडे ठेवले तर अभ्यासिकेला वेगळी इमारत लागत नाही. या वाचनाला येणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असते. त्यामुळे मुलींना आईबरोबर येता-जाता येते आणि अंधार पडल्यावर अभ्यासिकेतून एकटी कशी येणार हा प्रश्न राहत नाही. विहार समितीने करायचे ते एवढेच: एक फळा, एक इन्व्हर्टर, आणि किल्ली कोणाकडे राहील ते ठरवणे. गावातला बँकेत किंवा शाळेत नोकरीला असलेला कोणी आठवड्यातून एक दिवस गणितासाठी आला तर उत्तमच, पण तो येईपर्यंत थांबू नका. चार-पाच जण मिळून एकमेकांना शिकवतात तेव्हाही अभ्यास होतो.

या तीन महिन्यांत रोज अडीच तास धरा, सकाळी एक आणि संध्याकाळी दीड. नव्वद दिवसांचे सव्वादोनशे तास होतात. त्यातले नव्वद तास तर्काला, पंचाहत्तर गणिताला आणि साठ इंग्रजीला, अशी वाटणी बहुतेकांना मानवेल. कॅटचा अर्ज याच काळात, ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरायचा असतो. २०२५ मध्ये अनुसूचित जातीसाठी त्याचे शुल्क १,३०० रुपये होते, खुल्या प्रवर्गासाठी २,६००.

ऑक्टोबरमध्ये सोंगणी लागली की नवा विषय हाती घ्यायचा नाही. दिवसभर वावरात काम करून आलेल्या माणसाकडून त्रैराशिकाचा नवा धडा होत नाही, आणि तो झाला नाही म्हणून स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही. वीस जुने प्रश्न सोडवायचे, झोपायचे. नोव्हेंबरमध्ये जमतील तेवढे सराव पेपर द्यायचे आणि कॅट देऊन यायचे. तिचा निकाल काहीही लागो, डिसेंबर ते मार्च हे सीईटीचे महिने आहेत. सीईटी २०२४ मध्ये ९ ते ११ मार्चला झाली आणि २०२५ मध्ये १ ते ३ एप्रिलला. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून जानेवारीपासून सीईटी कक्षाचे संकेतस्थळ आठवड्यातून एकदा पाहत जा.

गणित, तर्क आणि इंग्रजी

गणिताची भीती सगळ्यांत जास्त असते आणि ती सगळ्यांत कमी खरी आहे. सीईटीचे बहुतेक गणित शेकडेवारी, गुणोत्तर, नफा-तोटा, सरासरी, काळ-काम-वेग यांचेच असते. बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तके पुन्हा सोडवून झाली की पाया तयार होतो. शिवाय आपल्या मुलांना हे गणित व्यवहारातून माहीत असते, फक्त ते गणित आहे हे माहीत नसते. एक उदाहरण घ्या. २० टक्के ओलावा असलेले १ क्विंटल सोयाबीन वाळवून १२ टक्क्यांवर आणले, कारण हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष १२ टक्के आहे. आता वजन किती भरेल? चटकन येणारे उत्तर ९२ किलो, आणि ते चूक आहे. ओलावा गेला तरी कोरडा माल ८० किलोच राहतो. तोच आता एकूण वजनाच्या ८८ टक्के आहे. म्हणून ८० ला ८८ ने भागून १०० ने गुणायचे: ९०.९ किलो. कॅट आणि सीईटीतले 'मिश्रणाचे' निम्मे प्रश्न या एका विचाराने सुटतात. काय बदलले आणि काय तसेच राहिले, एवढेच शोधायचे असते. व्यापाऱ्याच्या काट्यावरही हे उपयोगी पडेल, ती गोष्ट वेगळी.

तर्काच्या भागात हुशारीपेक्षा सवय कामाला येते. रोज तीस प्रश्न, घड्याळ लावून. पहिला महिना मिनिटाला एक, मग हळूहळू ४५ सेकंदांवर या. आकृत्यांचे प्रश्न कागदावर सोडवणे आणि पडद्यावर सोडवणे यांत फरक आहे. कागद फिरवून पाहता येतो, पडदा येत नाही.

इंग्रजीसाठी आमच्याकडे एक उपाय आहे, जो इतरांना उपलब्ध नाही. संध्याकाळी विहारात जो भाग मराठीतून ऐकला, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी इंग्रजीतून वाचायचा. बाबासाहेबांनी हा ग्रंथ मूळ इंग्रजीत लिहिला आणि तो १९५७ मध्ये प्रकाशित झाला. राज्य सरकारच्या इंग्रजी ग्रंथमालेत तो ११ व्या खंडात आहे. त्यातली वाक्ये छोटी आणि क्रमांक घातलेली आहेत. अर्थ आधीच कळलेला असतो, त्यामुळे दर ओळीला शब्दकोश उघडावा लागत नाही. दीड-दोन महिन्यांनी पहिल्या खंडातले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्या. त्याची भाषा अवघड आहे, पण मुद्दा कसा मांडायचा, विरोधकाचे म्हणणे कसे घ्यायचे आणि कसे खोडायचे हे त्यात जागोजागी दिसते. कॅटच्या उताऱ्यांतही नेमके हेच विचारतात: लेखकाचा मुख्य दावा कोणता, हे उदाहरण त्याने कशासाठी दिले, कोणत्या गोष्टीने त्याचा युक्तिवाद कमजोर होईल. एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि तो मुद्दा दोन ओळींत मराठीत लिहा. जमले तर समजले. याबरोबर इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख रोज एक. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही.

सराव पेपर मोबाइलवर देऊ नका. परीक्षा माउसवर असते आणि ४५ सेकंदांतले पाच सेकंद माउस सापडण्यात गेले तर मोठे नुकसान होते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षासाठी प्राचार्यांकडे चौघांनी मिळून अर्ज केला तर रविवारी सकाळची वेळ सहसा मिळते. नाही मिळाली तर ई-सेवा केंद्रावर अडीच तासांचे पैसे द्या. कॅटचा अधिकृत नमुना पेपर तिच्या संकेतस्थळावर मोफत असतो. पेपर दिल्यानंतर तो तपासायला पेपरइतकाच वेळ ठेवा. चूक माहिती नसल्याने झाली, घाईने झाली की एकाच प्रश्नात चार मिनिटे अडकल्याने, हे वहीत लिहा. आठ-दहा पेपरांनंतर आपला आजार कोणता ते ती वहीच सांगते.

मार्गदर्शनासाठी माणसे अगदीच नाहीत असेही नाही. वर्ध्याची नालंदा अकादमी वंचित घरांतल्या मुलांना विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करत आली आहे. 'एकलव्य' संस्था उभी करणारे राजू केंद्रे आपल्याच लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे. दोन्हींचा भर एमबीएवर नसला तरी अर्ज कसा भरावा, स्वतःबद्दल दोन पाने कशी लिहावीत, मुलाखतीत कसे बोलावे, हे तिथल्या मुलांकडून शिकता येते.

पैशाचा हिशेब

सीईटीतून, शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाली आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असेल तर अनुसूचित जातीसाठी फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६० हजार आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपचे दार बंद होते.

आयआयएमचे दोन वर्षांचे शुल्क ऐकून घरचे घाबरतात आणि घाबरण्यासारखेच ते आहे. पण केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठी 'टॉप क्लास' शिक्षण योजना आहे. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याची यादीतील संस्थेतली पूर्ण फी तीतून भरली जाते, शिवाय पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे ४१ हजार रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. यादीत आयआयएम आहेत. मात्र प्रत्येक संस्थेत जागा ठरावीक असतात, त्यामुळे प्रवेश मिळाल्याच्या दिवसापासून संस्थेच्या शिष्यवृत्ती कक्षाच्या मागे लागावे लागते. शैक्षणिक कर्जाची चौकशीही तोवर समांतर चालू ठेवा.

एक इशारा देणे भाग आहे. निकालानंतर गावात एजंट फिरतात. 'शिष्यवृत्तीत सगळी फी बसते, हजेरीचे आम्ही पाहू, फक्त मूळ कागद द्या' असे सांगतात. रिकाम्या जागा भरण्यासाठी आपल्या मुलांची नावे वापरली जातात, दोन वर्षांनी हातात पदवी येते आणि नोकरी देणारे कोणी येत नाही. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. महाविद्यालय निवडताना मागच्या वर्षी तिथून निघालेली तीन मुले शोधून त्यांना फोन करा, माहितीपत्रकावर विसंबू नका. चांगली जागा मिळत नसेल तर एक वर्ष थांबणे, किंवा एमबीए न करणे, हेही योग्य उत्तर असू शकते.

परीक्षा आणि मुलाखत

केंद्राचे शहर अर्जात निवडताना घरापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, गाडीच्या वेळेत मोजा. कॅटचे पहिले सत्र सकाळी साडेआठला सुरू होते आणि त्याआधी हजर व्हावे लागते. मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्यांना रेल्वेने बडनेरा म्हणजे अमरावती सोयीचे. सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडच्यांना जालन्यावरून छत्रपती संभाजीनगर जवळ. कुठेही असले तरी आदल्या संध्याकाळी पोहोचा. मुक्कामासाठी त्या शहरातल्या विहाराच्या किंवा वसतिगृहातल्या ओळखीच्या मुलांशी महिनाभर आधी बोलून ठेवा. ओळखपत्रावरचे नाव आणि प्रवेशपत्रावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते घरीच पाहा.

आयआयएमच्या मुलाखतीत गावाबद्दल विचारतात. 'बुलडाणा मागास जिल्हा आहे' एवढे सांगून गप्प बसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. खामगावची कापसाची बाजारपेठ, १९८६ मध्ये सुरू होऊन देशभर नाव झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था, लोणारच्या सरोवराला २०२० मध्ये मिळालेला रामसर दर्जा आणि तरीही तिथे न वाढलेला रोजगार, सोयाबीनच्या भावाचे वर्षभराचे चढउतार: यांतल्या कशावरही दहा मिनिटे बोलता येईल एवढी माहिती ठेवा. तुमचे इंग्रजी अडखळले तरी चालते, मधेच एखादे वाक्य हिंदीत गेले म्हणून मुलाखत बुडत नाही. आडनाव किंवा आरक्षण यावरून प्रश्न आला तर चिडू नका आणि ओशाळूही नका. १९५०, १९५६ आणि १९९० या तीन वर्षांत काय झाले ते सांगा, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा.